लिफ्टचं बटण कोण दाबणार? (दोन पोरांच्या घरातलं कोर्ट)

निजानीज

थोरली ६ वर्षांची, धाकट्याला नुकतीच ३ पूर्ण झाली. एकटी होती तेव्हा घरात हट्ट चालायचे. दुसरा बोलायला लागला आणि हट्टांचे खटले झाले. ती फिर्यादी, तो आरोपी, अर्ध्या तासाने उलट. मी खालचं कोर्ट, बायको वरचं. माझे बहुतेक निकाल वर जाऊन फिरतात हे दोघांनाही पाठ आहे, त्यामुळे हल्ली माझ्यासमोर कुणी फार युक्तिवादही करत नाही.

सगळ्यात जुना खटला लिफ्टच्या बटणाचा. बटण एक आणि दावेदार दोन. एकदा घाईत मीच दाबलं तर दोघांनी एका सुरात भोकाड पसरलं. लिफ्ट रिकामी वर पाठवून पुन्हा खाली बोलवावी लागली. शेवटी तोडगा काढला : विषम तारीख तिची, सम तारीख त्याची. त्याला तारखा कळत नाहीत, पण ती रोज सकाळी कॅलेंडर बघून जाहीर करते आणि इमानदारीत करते. तीन आठवडे झाले, शांतता आहे. इतकी की मला संशय यायला लागलाय.

दुसरं प्रकरण भाषेचं. धाकट्याला क आणि ग जमत नाहीत. काकाचा 'ताता' होतो, गाडीची 'दाडी'. आता मी दाढी ठेवतो. तो परवा "बाबा, दाडी दे, दाडी दे" करत रडतोय आणि मी मूर्खासारखा हनुवटी पुढे करून बसलोय. थोरली चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी म्हणतोय तो. लाल. सोफ्याखाली गेलीय." मी गाडी काढून दिली आणि लाडात येऊन म्हटलं, "ही घे तुझी दाडी." तर भडकला! "दाडी नाही! दाडी!" म्हणजे फरक कानाला कळतो, जिभेला जमत नाही, आणि बापाने बोबडं बोललेलं तर मुळीच खपत नाही.

तिसरं ऐकून तुम्ही आम्हाला नावं ठेवाल. बायको अंघोळीला जाताना थोरलीला म्हणाली, "दोन मिनिटं याच्याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव." बाहेर येऊन बघते तर थोरली स्टुलावर, हातात तेलाची बाटली, झाकण उघडलेलं. धाकटा समोर मान वर करून तयार. आणि तिचा प्रश्न : "आई, माझ्या डोळ्यांत की त्याच्या?"

तेव्हापासून घरात वाक्प्रचार जपून वापरतो.

तुमच्याकडचे खटले येऊ द्या. उपदेश नको. तो मला घरीच मिळतो, सहा वर्षांच्या तोंडून.

वाचनमात्र

"माझ्या डोळ्यांत की त्याच्या" हसून हसून पुरेवाट! ऑफिसात वाचायला नको होतं.

काथ्याकूट

त्या 'दाडी नाही, दाडी'ला भाषाशास्त्रात चक्क नाव आहे : 'फिस'चा किस्सा. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवून ठेवलाय. एक मूल आपल्या प्लॅस्टिकच्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचं. मोठ्यांनी विचारलं, "हा तुझा फिस का?" तर नाही म्हणे. "फिश का?" म्हटल्यावर हो, माझा फिस! मुलाला स्वतःच्या डोक्यात बरोबर उच्चारच ऐकू येत असतो. आपण त्याची नक्कल केली की त्याला वाटतं, यांनाच काही येत नाही.

क-ग च्या जागी त-द येणं अगदी सर्रास. क-ग साठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, त-द पुढच्या टोकाने भागतं. चारच्या आसपास बहुतेकांचं आपसूक सुटतं. त्यानंतरही राहिलं तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवायचं. तोवर त्याच्यासमोर तुम्ही स्वच्छ 'गाडी' म्हणा म्हणजे झालं. आणि दाढी काढू नका, तुलनेला बरी.

अवांतर : 'करलं' सुरू झालंय का?

निजानीज

झालंय की! "मी करलं", "मुंगी मरली". गंमत म्हणजे सहा महिन्यांपूर्वी तो व्यवस्थित 'केलं' म्हणायचा. आम्हाला वाटलं गाडी उलटी चाललीय. (गाडीच, दाडी नव्हे.)

काथ्याकूट

उलटी नाही, सुलटीच. आधी 'केलं' हा अख्खा शब्द ऐकून पाठ केलेला असतो. मग त्याला नियम सापडतो : धर-धरलं, भर-भरलं, चर-चरलं. मग करचं करलं आणि मरचं मरलं का नको? नियम त्याचा बरोबर आहे, मराठी बेशिस्त आहे. वर्ष-दोन वर्षांत अपवाद पचले की पुन्हा 'केलं'वर येईल. 'करलं' म्हणणाऱ्या पोराला मी तरी कधी टोकत नाही, मनातल्या मनात शाबासकी देतो.

दोनाचे_चार

आमच्याकडे दोन्ही मुलगे. नवरा सकाळी जातो तो रात्रीच येतो, त्यामुळे दिवसभर कानावर माझीच मराठी. थोरला अडीच वर्षांचा होईपर्यंत "मी आले", "मी पडले", "मी नाही जेवणार, मी दमले". पाहुण्यांना वाटायचं याला काही शिकवलंच नाही. एका वडीलधाऱ्यांनी तर त्याला समोर बसवून "मी आलो म्हण" असं दहादा घोकून घेतलं. परिणाम असा झाला, की संध्याकाळी मी बाहेरून आले आणि "मी आले रे" म्हटलं, तर यानेच मला दटावलं, "आई, आले नाही. आलो म्हण."

धाकट्याच्या वेळी काही करावंच लागलं नाही. घरात 'मी आलो' म्हणणारा थोरला होताच. दुसऱ्या मुलाची अर्धी शिकवणी पहिलं मूल घेतं, बाकी अर्धी बिघडवतं.

खडूस_आजी

सगळं कौतुकाने वाचलं. पण एक बोलते, राग आला तर येऊ दे. बटणासाठी लिफ्ट परत खाली बोलवायची? हे जरा अतीच होतंय. आमच्या वेळी पोरांना एकदा सांगितलं की ऐकायची.

जुळ्यांचा_बाप

आजी, ऐकायची म्हणजे नक्की किती ऐकायची? :)

खडूस_आजी

आता खोटं कशाला बोलू. मुलगा ४१ चा, मुलगी ३८ ची. दोघं एकदम घरी आली की गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून अजून पार्किंगमध्ये उभी असतात. मागच्या खेपेला मीच पुढे बसले.

जुळ्यांचा_बाप

माझी जुळी, साडेचार वर्षांची. आमच्या कोर्टात एकच कलम : 'तिला जास्त'. सुरुवातीला दुधाचे ग्लास वेगवेगळे होते, एक उंच निमुळता, एक बुटका पसरट. मी मापाने ओतायचो, दोघींच्या समोर. तरी बुटका ग्लास आला की रडारड. एकदा बुटक्यातलं दूध तिच्या डोळ्यांदेखत उंच ग्लासात ओतलं. म्हणाली, "हां, आता जास्त झालं," आणि गटागटा प्यायली. मला वाटलं मला बनवतेय.

मग कळलं की या वयात मुलांना खरंच तसं दिसतं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच प्रयोग केले होते : पातळी वर गेली की पाणी वाढलं. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्कं होतं. म्हणजे मी अडीच वर्षं थांबायचं. त्यापेक्षा एकसारखे दोन ग्लास आणले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी एकीच्या ग्लासाच्या तळाशी बारीकसा बुडबुडा दिसला, काचेतच अडकलेला. आता रोज 'बुडबुडावाला' कुणाला यावर भांडण. पियाजेने याचं काही लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

दुपारची_डुलकी

वाटणीवर आमचा उपाय : एकाने दोन भाग करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. चिकणमातीचा गोळा असो की रंगीत कागद. वाटणारा इतका काटेकोर होतो की विचारू नका. आमचा ७ वर्षांचा थोरला एका डोळ्याने बघून, पट्टी लावून वाटतो. पण धाकटी ४ ची आहे. ती कधी कधी मुद्दाम लहान भाग उचलते, कारण 'तो गोड दिसतो'. मग तो अस्वस्थ होतो : माझं काही चुकलं का? मोठा भाग मिळूनही दिवसभर तोंड पाडून फिरतो.

निजानीज

हा उपाय बटणाला लागू नाही, बटणाचे दोन भाग होत नाहीत. नाहीतर तेही करून पाहिलं असतं.

आजी, तुमचं म्हणणं मान्य. पण लिफ्ट परत बोलवायला दहा सेकंद लागतात, आणि तो रुसवा काढायला दीड तास. हिशेब करूनच बोलवली.

शेंडेफळाची_आई

आमचा किस्सा आधी घाबरवणारा, मग हसवणारा. धाकट्याने (पावणेतीन) मणी नाकात घातला. मी टॉर्च लावून बघतेय, तो मणी लांबून छान चमकतोय, पण हाताला येत नाही. चिमटा-बिमटा घालायचा नाही एवढं माहीत होतं, तो आणखी आत जातो. तशीच उचलून डॉक्टरांकडे. त्यांनी मलाच कामाला लावलं : मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं आणि एकदाच जोरात फुंकायचं. दुसऱ्या खेपेला मणी टप्पकन माझ्या गालावर. याला इंग्रजीत 'आईचा मुका' अशाच अर्थाचं नाव आहे म्हणे. घरी स्वतःच्या मनाने करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

मी हुश्श करून खुर्चीत टेकले. डॉक्टर कागद लिहीत होते. तेवढ्यात कोपऱ्यात उभी असलेली थोरली, पाच वर्षांची शहाणी बाई, हळूच म्हणाली, "माझ्या पण आहे."

तिनेच घालून दाखवला होता त्याला. सकाळी. कसा घालायचा ते.

वाचनमात्र

"माझ्या पण आहे" !!! मी आता घरी जाऊनच वाचतो.

दाढदुखी

शेंडेफळाची आई, मणी होता म्हणून निभावलं. बटण-सेल असता तर मिनिटाचाही उशीर चालत नाही. नाकात असो की गिळलेला असो, ओलाव्याशी लागला की आतून जाळायला लागतो, थेट इस्पितळ गाठायचं. रिमोट, बोलकी खेळणी, वजनकाटा, सगळ्यांची सेलची झाकणं आज तपासून घ्या लोकहो.

मी दातांची डॉक्टर, म्हणून दातांचा किस्सा. सहा वर्षांच्या ताईचा खालचा पुढचा दात हलायला लागला, घरात सोहळा. तीन वर्षांच्या भावाला घेऊन आई आली, कारण तो दोन दिवस स्वतःचा दात धरून हलवत बसला होता आणि जेवत नव्हता. मला म्हणाला, "माझा पण हलव." मी आरसा दाखवून मोजून दिले : वर दहा, खाली दहा. म्हटलं, "तुझे वीसच्या वीस आहेत. ताईचा एक पडणार, मग तिच्याकडे पुढचे कमी, तुझ्याकडे जास्त." एकदम खूश होऊन बाहेर गेला. पाच सेकंदांत बाहेरून ताईचा गळा.

आई-बाबांसाठी एवढंच : सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं तीही दुधाचीच. ती कायमची असते. ब्रश तिथपर्यंत पोचतोय ना, ते बघा.

दुपारची_डुलकी

गुपितं कोण ठेवू शकतं तुमच्याकडे? आम्ही नवऱ्याच्या वाढदिवसाला भेट आणून कपाटात ठेवली. धाकटीला (तेव्हा तीन) चारदा बजावलं, बाबाला सांगायचं नाही. बाबा दारात आला, बूटही काढले नव्हते. ही धावत गेली : "बाबा, कपाटात काही नाहीये!"

लपाछपीतही तेच. "मी पडद्यामागे लपते, मला तिथे शोध हं."

काथ्याकूट

चौथ्या वर्षाच्या आसपास हे बदलतं. आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसू शकतं, त्याची समजूत चुकीची असू शकते, हे तोवर नीटसं उमगलेलं नसतं. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये यावर एक गाजलेला प्रयोग केला होता. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. तो परत आला की कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, नव्या कपाटात! चॉकलेट तिथेच तर आहे ना.

जुळ्यांचा_बाप

म्हणजे जमेल तेवढी गुपितं चारच्या आत उघडी पाडून घ्यायची. पुढे अवघड आहे.

दोनाचे_चार

म्हणींवरून आठवलं. थोरल्याने शाळेत 'नाक दाबलं की तोंड उघडतं' ऐकलं आणि घरी येऊन झोपलेल्या धाकट्यावर करून पाहिलं. उघडलं! धावत सांगायला आला, "आई, म्हण खरी आहे!" तिकडे धाकटा आकांत करतोय. तो तेव्हा दीड वर्षांचा होता म्हणून नंतर हसलो तरी. पहिल्या काही महिन्यांतली बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, तेव्हा असलं संशोधन घडायला नको. आता थोरल्याला आधीच विचारते, आज कुठली म्हण शिकवली?

निजानीज

आमच्याकडे 'परवा'चा खटला झाला. थोरलीला बागेत न्यायचं होतं, मला काम होतं, म्हटलं "परवा नेतो." तिने जाऊन आईला विचारलं, "आई, परवा म्हणजे कधी?" आई बिचारी कामात. म्हणाली, "कालच्या आधीचा दिवस." झालं. माझ्यासमोर येऊन कमरेवर हात : "परवा तर होऊन गेला. तू नेलंच नाहीस."

काय बोलणार? काल आणि उद्या आपण वेगळे ठेवले, आणि परवाला मात्र दोन्हीकडे तोंड. मी 'परवाला नाही, परवाच' असं काहीतरी पुटपुटलो. आईनेच माझ्याविरुद्ध निकाल दिला. त्याच संध्याकाळी बागेत.

झोपेचं तर बोलूच नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. हवी खरी. रात्री गोष्ट सांगता सांगता आधी मीच लुडकतो. काल म्हणे मी राजाला जंगलात नेलं, वाघ समोर आला आणि मी म्हणालो, "मग राजाने ती मीटिंग गुरुवारवर ढकलली." धाकट्याला काही खटकलं नाही. थोरलीने मला हलवून उठवलं : "वाघाला विचारलं का, गुरुवारी जमेल का?"

आकडेमोड

धागा उशिरा पाहिला. निजानीज, तुमच्या सम-विषमच्या तोडग्यात घोळ आहे, म्हणून राहवलं नाही. ३१ दिवसांचे महिने सात. त्या प्रत्येकात विषम तारखा १६, सम १५. वर्षभराचे मिळून विषम १८६, सम १७९. कन्येला सात दिवस जास्त मिळतात, लीप वर्षात आठ. शिवाय ३१ नंतर लगेच १. दोन्ही विषम, म्हणजे सलग दोन दिवस तिचे. विषम तारखा तिला कुणी दिल्या?

निजानीज

तिनेच मागून घेतल्या. मी म्हटलं, मोठी आहे, घेऊ दे काय हव्या त्या. आता कळतंय.

तिच्यासमोर हे मोठ्याने वाचलं नाहीये. त्याच्यासमोर तर नाहीच.

खडूस_आजी

सहा वर्षांची ना ती? वकील करा.

निजानीज

ताजी खबर. काल ३१ होती, आज १. काल तिने दाबलं. आज खाली उतरलो तर धाकटा बोट पुढे करून तयार : आता माझा नंबर. त्याचं बरोबर होतं, एका दिवसाआड येतो एवढं त्यालाही उमगलंय. मी मनातल्या मनात आकडेमोडरावांना नमस्कार केला आणि काय सांगावं याचा विचार करायला लागलो.

थोरली वाकून त्याच्या कानाशी गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "तुझा ना, परवा."

फक्त 'परवा'. होता नाही, आहे नाही, क्रियापदच गिळलं. ३० तारखेला त्याने दाबलं होतं, म्हणजे शब्द खरा. त्याने ऐकला तो येणारा परवा. आणि उद्या २ तारीख, खरं तर उद्याच त्याचा नंबर आहे, हे तिने सांगितलं नाही.

त्याने समजूतदारपणे मान हलवली, बोट खाली घेतलं. "बलं. पलवा."

मी तिच्याकडे बघितलं. ती लिफ्टच्या दाराकडे बघत होती. बटण तिनेच दाबलं.